मटर आले, पाटन

पुण्यात आमच्या घराजवळच्या भाजीबाजारात डिसेंबर लागला की एक हातगाडी येते. गाडीवाला मटार हा शब्द उच्चारतच नाही. नुसतं "जबलपूर, जबलपूर" ओरडतो आणि गिऱ्हाईक काय ते समजून घेतं. ज्या गावात आपण जन्मलो, शिकलो, सायकलवरून पडलो, त्याचं नाव असं किलोवर विकलं जाताना ऐकलं की मला दरवर्षी हसू येतं. परवाही आलं. मग शेजारून चालणाऱ्या आईकडे बघितलं आणि हसू आवरलं. आई त्या गाडीकडे बघत नाही. तिला नेमकी तेव्हाच समोरच्या कोथिंबिरीत काहीतरी खोट दिसते. आमच्या घरात आता मटार येत नाही. पाहुणे असले तरी पुलावात मी फरसबी घालते.

आणि ही तीच बाई, जिनं जबलपूरला अख्खे हिवाळे मटारात घालवले. दिवाळीचे दिवे विझले की तिकडे मटार सुरू होतो, आणि सुरू होतो म्हणजे सरळ अंगावरच येतो. जवळच्या पाटन तालुक्याकडून भरलेल्या गाड्या शहरात शिरतात, गल्लीगल्लीत बोऱ्या उलट्या होतात, आणि घरातलं माणूस कामावर निघालेलं असो की अंथरुणात असो, त्याच्यापुढे एक ताट आणि एक टोपली येऊन पडते. मग उसळ, करंज्या, पराठे, पोह्यात मटार, खिचडीत मटार. एका वर्षी आईनं मटाराचा हलवाही करून बघितला होता. तो कुणी दुसऱ्यांदा मागितला नाही.

सकाळी दाट धुकं असायचं. समोरच्या घराचं फाटक दिसायला लागलं की दिवस उजाडला असं समजायचं. ऊन आलं की बायका छतावर जायच्या. आम्ही गच्ची म्हणत नाही, छत म्हणतो. पेरूला बिही म्हणतो, पोत्याला बोरी, मटाराला मटर. शेंग अंगठ्यानं दाबली की फट् असा एक ओला आवाज होतो. अंगठ्याचं नख हिरवं व्हायचं ते संक्रांतीपर्यंत हिरवंच. शाळेतल्या बाईंना माझी नखं बघून मी अभ्यास सोडून काय करते ते आपोआप कळायचं.

मटाराच्या दिवसांत आमच्या घरी हमखास येणारे पाहुणे म्हणजे तिवारीजी. बाबा आणि ते एकाच फॅक्टरीत, एकाच खात्यात, एकाच पाळीत. तिवारीजी गढ्याला, शहराच्या जुन्या वस्तीत, भाड्याच्या घरात राहायचे. आमच्या कॉलनीत आणखी एक तिवारी होते, म्हणून आईनं यांचं नाव गढावाले ठेवलं होतं, आणि आमच्या घरात आईनं ठेवलेलं नाव पुसण्याची कुणाची टाप नव्हती. सकाळी धुक्यातून सायकलची घंटी यायची आणि पाठोपाठ हाक: "काळेजी, येऊन राहिलो!" त्यांना येणारं मराठी एवढंच. दारात पोचल्यावरसुद्धा ते "येऊन राहिलो"च म्हणायचे. बाबा बुटाच्या नाड्या बांधता बांधता आतून तेच ओरडायचे. दोघांपैकी कोण येतोय आणि कोण जातोय, ते बाहेरच्याला कळायचं नाही.

निवृत्तीनंतर सायकल सुटली, पण मटाराचा रविवार सुटला नाही. तिवारीजींची गावाकडे थोडी शेती होती. तिथली एक बोरी ते रिक्षात घालून आणायचे. मग दोघं छतावर जुन्या घमेल्यात काटक्या पेटवून शेंगा सालीसकट भाजायचे, हात आणि ओठ काळे करून घ्यायचे, आणि फॅक्टरीतल्या मेलेल्या-जिवंत सगळ्या साहेबांची हजेरी घ्यायचे. छत काळं केलं म्हणून आई दोन दिवस बोलत राहायची. तिसऱ्या दिवशी त्याच बोरीतल्या मटाराच्या करंज्या तळून गढ्याला पाठवायची.

"येऊन राहिलो" या दोन शब्दांनी मला पुण्यात चांगलंच तोंडावर पाडलं होतं. नवी नोकरी होती. बसला उशीर झाला म्हणून मी ऑफिसात फोन करून सांगितलं, "मी येऊन राहिली." पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "हो का? कुठे राहिलीस?" तिला वाटलं मी येऊन मुक्काम टाकला. नंतर कितीतरी दिवस मी दिसले की कुणीतरी विचारायचं, काय, राहिलीस का? मीही हसायची, आणि हळूहळू येतेय, करतेय, जातेय असं बोलायला शिकले. जीभ फार लवकर शहाणी होते. आज मी आईशी बोलतानासुद्धा येतेय म्हणते, आणि ते रूप आपण इतक्या झटपट टाकून दिलं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर ज्या हिवाळ्यानंतर आमच्या घरात मटार येईनासा झाला, त्याबद्दल. पावसाळ्याच्या शेवटी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. पाय सावरला, पण उजवा हात आणि बोलणं गेलं. बोलणं अगदी गेलं असंही नाही. शब्द यायचे, एकेक करून, फार वेळानं, आणि त्यातही माणसांची नावं येतच नव्हती. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपीच्या दीदी यायच्या. नावं सगळ्यात शेवटी येतील, असं त्या म्हणायच्या, आणि जाताना दर वेळी बजावायच्या की काका बोलायला लागले की कुणी मध्ये शब्द पुरवायचा नाही. आई मान हलवायची आणि दीदी फाटकाबाहेर पडायच्या आत बाबांचं पुढचं वाक्य पुरं करून टाकायची. तिचा दोष नव्हता. ती आयुष्यभर बाबांची वाक्यं पुरी करत आली होती आणि बहुतेक बरोबर करत आली होती.

मी कामासकट जबलपूरला येऊन राहिले. इथं पुणेकरांनी शब्दशः अर्थ घ्यावा. माझं काम संगणकाच्या कर्नलमधलं. यंत्राचा जो अगदी आतला कार्यक्रम, जो सगळ्यात आधी जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो, त्याला कर्नल म्हणतात. जबलपूर हे छावणीचं गाव. तिथं कर्नल म्हटलं की सलाम ठोकायचा असतो. आईनं साऱ्या कॉलनीला सांगून ठेवलं होतं की वैजू कर्नलसाहेबांकडे कामाला आहे. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं की साहेब रजा द्यायला कडक आहेत का. मी म्हटलं, फार.

कंपनीनं माझ्याबरोबर एक लोखंडी पेटी पाठवली होती. तिच्यात ओळीनं डिस्का बसवलेल्या, ज्यांच्यावर माणसं आपली माहिती साठवतात. काही नव्या, बिनआवाजाच्या, काही जुन्या, आतल्या तबकड्या गरागरा फिरणाऱ्या. इन्व्हर्टरचा प्लग फक्त पुढच्या खोलीत होता, म्हणून पेटी बाबांच्या पलंगाशेजारी ठेवली. पेटीला दुखणं असं होतं, की चालू केल्यावर कधीकधी एक जुनी डिस्क हजेरीच लावायची नाही. पुण्याच्या ऑफिसात हा प्रकार मुश्किलीनं दिसायचा. जबलपूरच्या थंडीत मात्र रोज सकाळी दिसायला लागला, कारण गारठलेली तबकडी वेगात यायला जास्त वेळ घेते. आजारी बाप आणि आजारी पेटी एकाच खोलीत सोयीनं मिळाले म्हणून मी मनातल्या मनात स्वतःवर खूशही होते.

यंत्र जागं झालं की कर्नल प्रत्येक दारावर टकटक करतो. कुणी आहे का? असलास तर कोण? केवढा? आणि शेवटी, तयार आहेस का? नवी डिस्क लगेच हो म्हणते. जुनी म्हणते, तयार नाही. पण तिचं उत्तर तिथं संपत नाही. त्याला दुसरा भाग असतो: तयार नाही, कारण तयार होत आहे. कर्नलला हा दुसरा भाग कळला की तो निमूट थांबतो. पडद्यावर एकेक ठिपका टाकत बसतो, आणि डिस्क वेगात आली की तिला नाव देऊन आत घेतो. आमच्या पेटीत कर्नल आणि डिस्क यांच्यामध्ये आमच्या कंपनीचा एक लहानसा कार्यक्रम होता. तो पहिला भाग वाचायचा, तयार नाही, आणि दार बंद करून पुढे जायचा. दुसरा भाग ऐकायला तो थांबतच नव्हता. त्याच्या लेखी ती डिस्क नव्हतीच.

हे मी एका दुपारी बाबांना सांगितलं. ते मशिनवर आयुष्य काढलेले, त्यांना अशा गोष्टी ऐकायला आवडायचं. पेटी सुरू झाली आणि तबकडीचा आवाज चढायला लागला की ते मान वळवून तिकडे बघायचे. मी म्हटलं, बाबा, ही नाही म्हणत नाहीये, ही तयार... आणि मलाच घरचा शब्द सुचेना. बाबा बराच वेळ ओठ हलवत होते. मग म्हणाले, "होऊन. राहिली." मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. पुण्यात मी जे टाकून दिलं होतं ते आमच्या घरात दोन शब्दांत तसंच पडलेलं होतं. आईनं आतून विचारलं, काय होऊन राहिलं? मी म्हटलं, डिस्क.

पण बाबांना स्वतःला काहीतरी सांगायचं होतं. ते साऱ्या घराला दिसत होतं. मटार सुरू झाल्यापासून रोज सकाळी, धुकं निवळलं की ते उठून बसायचे, डावा हात दाराकडे करायचे आणि म्हणायचे, "मटर." मग खूप वेळानं, "आले." आणि आणखी जोर लावून, कपाळावर शिरा येईपर्यंत, "पाटन." पुढे आणखी काहीतरी असायचं. ओठ हलत राहायचे. तोवर आई पदराला हात पुसत आलेली असायची. "होय ना, आले न मटर. पाटनचेच आणून राहिली मी, दुसऱ्या कुठले आणते का?"

जबलपूरच्या माणसाला पाटन आणि मटार यांत वेगळं काय करायचं हे कळतच नाही. भाजीवाला पाटन म्हणूनच विकतो, आपण पाटन म्हणूनच घेतो. बाबांना पाटनचा मटार खायचाय, याच्याइतकी उघड गोष्ट त्या घरात दुसरी नव्हती. आईला तर त्याचा अभिमानच वाटायचा. बोलणं गेलं पण चव नाही गेली, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ती रोज मटार आणायची, रोज नवं काहीतरी करून बाबांपुढे ठेवायची, आणि बाबा ताट डाव्या हातानं लोटून द्यायचे. आई म्हणायची, माल चांगला नसेल. तिनं भाजीवाला बदलला. मग दुसरा बदलला. ती थेट बडा फुहाऱ्याकडच्या बाजारातून पिशव्या भरून आणायला लागली. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बर्फ जमवायला जागा उरली नाही. मी पलंगाशेजारी बसून सोलायची आणि बाबांना म्हणायची, हो बाबा, पाटनचेच. एकदा त्यांनी पलंगाच्या लाकडावर मूठ आपटली, तेव्हा आम्ही दोघींनी डॉक्टरांना फोन करून चिडचिड वाढल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी एक गोळी वाढवली.

तेव्हा काम करता करता आणखी एक गोष्ट माझ्यासमोर रोज घडत होती आणि मला तिचा राग यायचा. कर्नल डिस्कांना नावं देतो ती सापडतील त्या क्रमानं. पहिली हाती लागली ती अ, दुसरी ती ब. एखाद्या दिवशी जुनी डिस्क लवकर जागी झाली की तीच अ होते आणि कालची अ आज ब. जो त्या नावावर विसंबून काम करतो तो भलत्याच डिस्कवर लिहून ठेवतो. खरी ओळख प्रत्येक डिस्कच्या पोटात असते, तिची ती, न बदलणारी. ती वाचायला थोडा जास्त वेळ लागतो इतकंच. नव्या मुलांना मी हे तावातावानं शिकवायची, की बाबांनो, जो आधी सापडला तो खरा असं धरून चालू नका. आणि त्याच तोंडानं हो बाबा, पाटनचेच असं म्हणत होते.

ज्या दिवशी ते उमगलं त्या दिवशी विशेष काही ठरवून झालं नाही. आई बाजारात गेली होती. माझी दुरुस्ती लिहून झाली होती, दुसरा भाग वाचणारी, आणि मी पेटी रात्रभर गार ठेवून सकाळी चालू केली होती. पडद्यावर ठिपके पडायला लागले. डिस्क अजून यायची होती. माझ्या तोंडात मटाराचे दाणे होते आणि जीव सगळा त्या ठिपक्यांत अडकला होता. मागे बाबा उठून बसले. "मटर," ते म्हणाले. मग "आले." मला ऐकू येत होतं, पण तोंड भरलेलं होतं आणि नजर हलवायची नव्हती, म्हणून मी काही बोलले नाही. "पाटन," बाबा म्हणाले. ठिपके पडत होते. तबकडीचा आवाज चढत होता. इतका वेळ त्या घरात बाबांसाठी कुणी गप्प बसलं नव्हतं. आणि मग मागून आलं, "पाटन. जाऊन. राहिलो."

मी वळले. बाबांचा डावा हात दाराकडे होता, आणि त्यांनी त्याची मूठ वळून अंगठा दोनदा दाबला. सायकलची घंटी. मी म्हटलं, तिवारीजी? बाबांनी डोळे मिटले आणि त्यांचं सगळं अंग सैल पडलं, जसं फार लांबून ओझं आणून खाली ठेवल्यावर पडतं. मागं पडद्यावर डिस्क आली होती. ते मी कितीतरी वेळानं बघितलं.

आई आल्यावर तिला सांगितलं तर ती पटकन मानेना. "काहून? ते तर गढावाले," ती म्हणाली. मग पिशवी हातातच राहिली आणि तिला एकेक आठवत गेलं. गढ्याचं घर सोडून मुलाकडे गावी जायचं तिवारीजींच्या मनात होतं. पावसाळ्यात कधीतरी त्यांचा फोन आला होता आणि बाबा हसत हसत बोलले होते. बोरी दरवर्षी ज्या गावाहून यायची ते गाव पाटनच्या अलीकडचं, हेही तिला ठाऊकच होतं. सगळं ठाऊक होतं. फक्त त्या माणसाचं नाव आमच्या घरात अजून गढ्यालाच राहत होतं. बाबांच्या फोनमधला नंबर लावला तर तो बंद. आई तिथंच चपला न काढता बसली आणि म्हणाली, "उद्याच जाऊ. आता हे ऐकून कोणी थांबते का?"

दुसऱ्या दिवशी गाडी केली. बाबांनी दाढी करून घेतली, शालीवरून कोट घातला. आईनं करंज्या बांधून घेतल्या. धुक्यात रस्ता जेमतेम दिसत होता. समोरून मटारानं भरलेल्या गाड्या दिवे लावून येत होत्या आणि प्रत्येक गाडी गेली की बाबा आमच्याकडे बघून हसायचे. झटक्यानंतर त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ते हसू वाकडं होतं आणि मी त्यांचं इतकं सुंदर हसू आधी कधी बघितलं नव्हतं.

गावात घर कुणीही दाखवलं. अंगणात शेंगांचा ढीग पडलेला, बायका बोऱ्या भरत होत्या. कडेला एक खाट होती, मोकळी. तिवारीजींचे चिरंजीव मनोज भैया धावत आले, बाबांच्या पाया पडले, आणि त्यांचं डोकं आम्ही बघितलं. मुंडण केलेल्या डोक्यावर केस नुकते फुटत होते.

"चाचाजी," ते म्हणाले, "बाबूजी की तो तेरहवीं भी हो गई."

कळवलं का नाही, हे आम्ही विचारलं नाही, पण मनोज भैया आपणहून सांगायला लागले. फॅक्टरीतल्या कुणाकडून त्यांना समजलं होतं की काळेजी स्वतःच अंथरुणाला आहेत. आजारी माणसाला धक्का कशाला द्या, असं घरात ठरलं. आजारी तिवारीजींच्या बाबतीतही तेच केलेलं. काळेजींना झटका आलाय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या फोनवर दोघांचं ठरलं होतं, की या वर्षी बोरी शहरात येणार नाही, मटर आले की काळेजींनीच पाटनकडे यायचं, आणि शेंगा इथं शेतावर भाजायच्या. तिवारीजी खाट अंगणात काढून घेऊन रस्त्याकडे तोंड करून पडायचे.

"रोज पूछते थे, काळेजी आए क्या," मनोज भैया म्हणाले. "हम कह देते थे, आ रहे हैं. तो खुद ही आपकी बोली में कहते थे, येऊन राहिला."

बाबा त्या खाटेवर बसले. आपण होऊन, कुणाचा हात न धरता. बराच वेळ रस्त्याकडे बघत होते. मग एका दमात, कुठंही न अडखळता, म्हणाले, "येऊन राहिलो." दीदींनी ज्यासाठी महिनोन् महिने मेहनत घेतली होती ते सबंध वाक्य हेच होतं. आई तोंडाला पदर लावून शेंगांच्या ढिगापाशी जाऊन उभी राहिली. मनोज भैयांनी आत चहा सांगितला. करंज्यांचा डबा गाडीतच राहिला.

त्यानंतर बाबांनी पाटन हा शब्द पुन्हा काढला नाही. मटर आले असंही नाही. आम्हाला वाटलं शांत झाले. गोळीही बंद झाली. माझी दुरुस्ती मंजूर झाली. त्या ओळींच्या वर मी इंग्रजी अक्षरांत एक शेरा लिहिला होता: होऊन राहिली आहे, थांब. तपासणाऱ्या साहेबांनी विचारलं हे काय आहे, आणि मी तो काढून तिथं रीतसर इंग्रजी वाक्य घातलं. ते ठेवायला हवं होतं. मला भांडता आलं असतं. पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. कुठकुठल्या पेट्यांमध्ये माझ्या त्या ओळी अजून चालतात, एखादी म्हातारी डिस्क तयार नाही म्हणते, कर्नल पुढचं ऐकायला थांबतो, आणि ती सावकाश येऊन आपल्या जागी बसते. याचा मला आनंद व्हायला पाहिजे. होत नाही.

मनोज भैयांचा फोन दर हिवाळ्यात येतो. "चाची, मटर आ गई है," ते म्हणतात. "आ रहे हैं बेटा," आई म्हणते, फोन ठेवते आणि पोथी उघडून बसते. आम्ही जात नाही. जबलपूरचं घर भाड्यानं दिलंय, तिथं आता उतरायला जागा नाही, थंडी आईला सोसत नाही, अशी कारणं आमच्याकडे भरपूर आहेत.

परवा बाजारातून आलो तेव्हाही तो फोन येऊन गेला होता. संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन बसले होते. आई समोर भाजी निवडत होती. निवडता निवडता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ते जाऊन राहिले होते, आणि मी मटर आणून राहिली होती." इतक्या वर्षांत ती यावर पहिल्यांदा बोलली. मला काहीतरी म्हणायचं होतं, तुझी चूक नव्हती, आपल्या सगळ्यांची होती, असलं काहीतरी. तोंडापर्यंत आलंही होतं. मी ते तिथंच धरून ठेवलं.

आई मेथीची जुडी सोडवत राहिली. पंखा बंद होता. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर वाजून थांबला.

"मटर आले," आई म्हणाली.

मी गप्प बसले.

"पाटन," ती म्हणाली.

अंगणातल्या त्या खाटेवर आता वाट बघणारं कुणी नाही. मी समोरचं काम बंद केलं आणि जबलपूरची दोन तिकिटं बघायला लागले.